जुनं इंद्रजाल घेताना आधी मधलं पान बघा

नाशकात जुने कॉमिक्स शोधायचे तर शालिमारच्या पुस्तकवाल्यांआधी आपल्या गल्लीतला रद्दीवाला गाठा. दिवाळीच्या साफसफाईत त्याच्याकडे माळे रिकामे होतात. गठ्ठा मोटारीत चढायच्या आत पोहोचलं पाहिजे, एवढंच.

१९६४ ते १९९० या काळात निघालेल्या इंद्रजाल या कॉमिक्स मालिकेच्या मराठी अंकांवर, विशेषतः वेताळावर (म्हणजे फँटमवर), सगळ्यांचा डोळा असतो. अंक हातात आला की थेट मधलं पान उघडा. पिना गंजल्या की तेच पान सर्वांत आधी निखळतं. माझ्याकडच्या एका अंकात नेमकी मारामारीच गायब आहे! मग पानं मोजा, वास घ्या. कुबट वास आला तर अंक ओलीत राहिलेला समजा. कोडं पेनाने सोडवलेलं, पाठीला सेलोटेप, बाइंडिंगसाठी कडा कापलेल्या, असं काही दिसलं की भाव निम्म्यावर आणा. मुखपृष्ठच नसेल तर फक्त वाचायला घ्या.

ऑनलाइन कुणी पाच हजार मागतोय म्हणून तो भाव होत नाही. तसाच अंक प्रत्यक्षात कितीला विकला गेला, ते दोन-तीन संग्राहकांना विचारा. आणि रद्दीवाल्यासमोर चेहरा कोरा ठेवा. डोळे चमकले की किलोचा भाव नगावर जातो.