मुंबई की पुणे? विद्यापीठाच्या नावाआधी विभाग बघा

पदवीचं शेवटचं वर्ष आलं की प्रत्येकाला हा प्रश्न पडतो: एम.ए., एम.एस्सी. मुंबई विद्यापीठातून करावं की पुण्यातून? घरचे, सिनियर, क्लासवाले, सगळ्यांकडे उत्तर तयार असतं. त्यातली बहुतेक उत्तरं ऐकीव असतात आणि त्यावर दोन वर्षं लावणं महागात पडतं.

वयावरून तर ठरवूच नका. मुंबई १८५७ चं, पुणे १९४९ चं (२०१४ पासून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ). पण फर्ग्युसन कॉलेज १८८५ चं आहे आणि १९४९ पर्यंत ते मुंबई विद्यापीठाशीच संलग्न होतं. 'जुनं ते मोठं' म्हणताना जुनं नेमकं काय, हे विचारायला हवं.

आता खरा सापळा. यात दर वर्षी हुशार मुलं अडकतात, म्हणून सविस्तर सांगतो.

एनआयआरएफच्या (केंद्र सरकारची शिक्षणसंस्थांची क्रमवारी) यादीतला विद्यापीठाचा क्रमांक आणि नॅकची (शिक्षणसंस्थांचं मूल्यांकन करणारी संस्था) ग्रेड ही विद्यापीठाच्या स्वतःच्या विभागांची असते. संलग्न कॉलेजांची नाही. मुंबई विद्यापीठाला २०२१ मध्ये नॅककडून ३.६५ गुणांसह ए++ मिळाली. ती चिपळूणच्या एखाद्या संलग्न कॉलेजाला आपोआप लागू होत नाही. त्या कॉलेजाची नॅक ग्रेड वेगळी आणि एनआयआरएफमध्ये ते उतरलंच तर कॉलेजांच्या गटात. पुण्याचंही तेच. गणेशखिंडच्या विद्यापीठ आवारातला विभाग आणि संगमनेरचं कॉलेज यांच्या पदवीवर विद्यापीठाचं नाव एकच येईल, पण प्रयोगशाळा, शिक्षक, ग्रंथालय यांत काहीही सारखं असेलच असं नाही. दोन्ही विद्यापीठांना शेकडो कॉलेजं जोडलेली आहेत. माहितीपत्रकावर 'ए++ विद्यापीठाशी संलग्न' असं ठळक छापलं असेल तर लगेच विचारा: तुमच्या कॉलेजाची ग्रेड काय आणि ती कोणत्या वर्षापर्यंत वैध आहे?

क्रमांकाचंही तसंच. एनआयआरएफमध्ये विद्यापीठांना शिकवण्याच्या साधनांसाठी ३०, संशोधनासाठी ३०, निकाल आणि पदवीधरांच्या वाटचालीसाठी २०, समावेशकतेसाठी १० आणि जनमानसातल्या प्रतिमेसाठी १० टक्के भार असतो. राज्य सार्वजनिक विद्यापीठांच्या गटात पुणे २०२४ मध्ये तिसरं होतं, २०२५ मध्ये अकरावं. एका वर्षात शिकवणं इतकं बिघडत नाही. माहितीत आणि मोजण्याच्या पद्धतीत थोडा फरक पडला तरी आकडा हलतो. त्यावर प्रवेश रद्द करू नका आणि घेऊही नका.

जुन्या नामवंतांच्या यादीने भारावून जाणं हाही असाच धोका. शास्त्रज्ञ डॉ. रघुनाथ माशेलकर यूडीसीटीचे (मुंबई विद्यापीठाचा तेव्हाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग), पदवी मुंबई विद्यापीठाची. पण यूडीसीटी आता आयसीटी म्हणून २००८ पासून अभिमत विद्यापीठ आहे. पुण्याचं सीओईपी हे अभियांत्रिकी कॉलेजही २०२२ पासून स्वतंत्र तंत्रशास्त्र विद्यापीठ झालं. ती प्रतिष्ठा तुमच्या प्रवेशात येत नाही. गणेशखिंडच्या आवारातल्या आयुका, एनसीआरए या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्था हीसुद्धा विद्यापीठाची खाती नाहीत. भौतिकशास्त्राच्या मुलाला तिथली व्याख्यानं जवळ आहेत, हा फायदा खरा, तेवढाच धरा. मुंबई विद्यापीठाच्या कलिना आवारात याउलट उदाहरण आहे: अणुऊर्जा विभागासोबत २००७ मध्ये सुरू झालेलं सीईबीएस, मूलभूत विज्ञानाचं केंद्र, जिथे बारावीनंतर थेट एम.एस्सी.पर्यंतचा सलग अभ्यासक्रम आहे. प्रवेश नेस्ट परीक्षेतून, पदवी मुंबई विद्यापीठाची. बारावीत विज्ञान घेतलेल्या किती मुलांना हे माहीत असतं?

मग तुलना करायची कशी? विभागाची विभागाशी.

आधी शिक्षकांची यादी काढा. कायम किती, सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) किती, हे मोजा. सीएचबीवरचे शिक्षक मन लावून शिकवतात, पण त्यांची नेमणूक वर्षभरात संपू शकते आणि तुमचा प्रकल्प मध्येच पोरका होतो. दुसरं, शोधगंगा या पीएच.डी. प्रबंधांच्या संकेतस्थळावर त्या विभागाचे गेल्या ५ वर्षांतले प्रबंध बघा: विषय कोणते, मार्गदर्शक कोण, की दोघांच्याच नावावर सगळे आहेत. तिसरं, गेल्या ३ वर्षांच्या निकालांच्या तारखा. हे कोणी बघत नाही आणि सगळ्यात जास्त इथेच पोळतं. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिकांची ऑनस्क्रीन तपासणी घाईने आणली, निकाल महिनोन्‌महिने लांबले, अखेर कुलगुरूंना पदावरून जावं लागलं. गुणपत्रिका वेळेत नसेल तर परदेशी प्रवेश असो वा नोकरी, नामांकित शिक्का काही कामाचा नाही.

विद्यापीठ बदलणार असाल तर मायग्रेशन (जुनं विद्यापीठ सोडल्याचा दाखला) आणि एलिजिबिलिटी (नव्या विद्यापीठाने मान्य केलेली पात्रता) आधी समजून घ्या. निकाल लागताच मायग्रेशनचा अर्ज करा, मूळ प्रत जपा. दुसऱ्या प्रतीसाठी प्रतिज्ञापत्रापासून सगळा खटाटोप असतो. एटीकेटी (राहिलेला विषय) शिल्लक असेल तर तात्पुरता प्रवेश टिकतो का, हे प्रवेश कक्षातल्या लिपिकाला विचारा. प्राध्यापकांपेक्षा त्यांना नियम जास्त पाठ असतात, माझं हे मत पक्कं आहे. पैसे घेऊन 'कौन्सेलिंग' करणाऱ्यांकडे जाऊ नका.

आणि ज्यांना यातलं काहीच मिळालं नाही त्यांनी खचू नका. यूपीएससी, एमपीएससीला मान्यताप्राप्त पदवी लागते, गोंडवाना की मुंबई याचे गुण नसतात. सहायक प्राध्यापकपदाच्या पात्रतेची सेट परीक्षा पुणे विद्यापीठ घेतं, म्हणून तिथल्या मुलांना त्यात सवलत मिळत नाही. पुण्यात राहण्याचा खर्च झेपत नसेल तर 'कमवा व शिका' योजनेची चौकशी करा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

प्रवेश परीक्षेच्या आधी एकदा सत्र चालू असताना, सुट्टी नसलेल्या दिवशी विभागात जा. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना तीनच गोष्टी विचारा: तास नियमित होतात का, ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडं असतं आणि मागच्या बॅचमधले किती जण नेट-सेट झाले किंवा कामाला लागले.