पेटंटचा परवाना देताना करारनाम्यात काय लिहून घ्यावे

समजा, गोव्यातील डिचोलीतल्या एका वर्कशॉपमध्ये दोघा भावांनी काजूची बोंडे पिळण्याचे नवे यंत्र तयार केले आणि एक कारखानदार ‘आम्ही बनवून विकतो, तुम्हाला रॉयल्टी देतो’ असे म्हणत दारात आला. अशा वेळी घाईने सही करू नये.

पहिले काम पेटंटच्या अर्जाचे. हंगामात फेणीच्या (काजूच्या रसाच्या दारूच्या) भट्टीवर सर्वांसमोर यंत्र चालवले, तर त्याच्या नावीन्याचा दावाच धोक्यात येऊ शकतो. म्हणून आधी तात्पुरते विवरणपत्र (शोधाचे प्राथमिक वर्णन) दाखल करावे आणि 12 महिन्यांच्या आत पूर्ण विवरणपत्र द्यावे. गोव्यातले अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाच्या कक्षेत येतात, ते ऑनलाइन भरता येतात आणि व्यक्तीसाठी अर्जाची मूळ फी 1,600 रुपये आहे.

अर्ज दोन्ही भावांच्या नावे असेल, तर पेटंट मिळाल्यावर प्रत्येकाला यंत्र स्वतः बनवून विकता येते. मात्र वेगळे काही ठरले नसेल, तर पेटंट कायदा 1970 च्या कलम 50 नुसार एकट्याला दुसऱ्याच्या संमतीविना परवाना देता येत नाही. तोंडी शब्दावर तर मुळीच जाऊ नये, कारण याच कायद्याच्या कलम 68 प्रमाणे सर्व अटींसह लेखी केलेला आणि रीतसर सह्या झालेला करारच वैध ठरतो. पेटंट मिळाल्यावर तो पेटंट कार्यालयात नियंत्रकाकडे नोंदवूनही घ्यावा.

मसुद्यात ‘परवाना’ आहे की ‘हस्तांतरण’, हे शब्द बोट ठेवून वाचावेत. हस्तांतरणात मालकीच जाते. सर्वाधिक वाद रॉयल्टीच्या कलमावरून होतात. ‘निव्वळ नफ्याच्या पाच टक्के’ असे लिहिले, की जाहिरात, वाहतूक, कमिशन असे सगळे वजा होऊन हातात फारसे काही उरत नाही. त्याऐवजी कारखान्याच्या बिलावरील किंमत आधार धरावी, दर तिमाहीला नगांचा हिशेब मागावा, वह्या तपासण्याचा हक्क राखावा आणि वर्षाची किमान रक्कम ठरवावी, म्हणजे यंत्र न बनवता परवाना अडवून ठेवणे कारखानदाराला परवडणार नाही. अर्ज नामंजूर झाला तर रॉयल्टीचे काय, हेही त्याच कलमात स्पष्ट करावे.

कारखानदाराने पुढे यंत्रात सुधारणा केली, तर तिचे हक्क केवळ तुम्हालाच परत मिळावेत, अशी अट मोहात पडून घालू नका. पेटंट कायद्याच्या कलम 140 नुसार ती निरर्थक ठरते. सुधारणा परस्परांना वापरता येतील, एवढे लिहावे.

याच यंत्रातल्या रसाची फेणी विकणाऱ्यांनी एक फरक ध्यानात ठेवावा: 2009 पासून भौगोलिक निर्देशन (विशिष्ट प्रदेशाशी जोडलेल्या मालाच्या नावाला मिळणारे कायदेशीर संरक्षण, जीआय) लाभलेल्या ‘फेणी’ या नावाचा परवाना कोणालाही देता येत नाही, अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदच करावी लागते.

पेटंटची मुदत अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षे असते. पण तिसऱ्या वर्षापासूनची नूतनीकरण फी न भरल्यास ते मध्येच संपते. ती कोणी, कोणत्या तारखेपर्यंत भरायची आणि पावतीची प्रत दुसऱ्या पक्षाला कधी द्यायची, हे करारातच नमूद करावे.