नवा कूलर बसवूनही प्रोसेसर तापतोय?

दुसरा कूलर मागवण्याआधी आहे तोच एकदा काढून बघा. तळाची पारदर्शक प्लॅस्टिकची फिल्म तशीच राहिलेली असू शकते. मग थर्मल पेस्टचा, म्हणजे प्रोसेसर आणि कूलरच्या मधल्या उष्णता वाहणाऱ्या लेपाचा, ठसा पाहा. तो एका बाजूला जाड असेल तर कूलर तिरका बसलाय. माझ्या मते बहुतेक वेळा दोष इथेच असतो. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, वाटाण्याएवढी नवी लावा आणि स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यांत थोडे थोडे आवळत न्या. एकच स्क्रू आधी पूर्ण पिळू नका. (एएम४, म्हणजे एएमडीच्या प्रोसेसरच्या एका सॉकेटचा, बोर्ड असेल तर काढण्याआधी मशीन थोडं चालवून पेस्ट गरम होऊ द्या आणि बंद केल्यावर कूलर हलकेच फिरवून उचला, नाहीतर प्रोसेसरही सॉकेटमधून उपसून येऊ शकतो.)

फॅनची वायर 'सीपीयू फॅन' लिहिलेल्या पिनांवरच हवी.

कोल्हापुरात मे महिन्यात खोलीच ३५ अंशांवर असते. हवेवर चालणारा प्रोसेसरचा कूलर त्याखाली जाऊच शकत नाही, त्यामुळे काही काम चालू नसताना प्रोसेसरचं तापमान ४५-५० दिसलं तर घाबरू नका. पीसी उद्यमनगरात लेथ-ग्राइंडरजवळ असेल तर कूलरच्या फिन्समधली (धातूच्या पातळ पट्ट्यांमधली) धूळ महिन्याला ब्लोअरने काढा, पण फॅन बोटाने धरून.