ग्लुकोजचा हिशोब तुरीच्या दाण्यांवर मांडून पाहा

दहावी-बारावीच्या पोट्ट्यांनो, श्वसनाचा धडा नुसता घोकू नका, हातानं मांडा. तुरीचे ६ दाणे घ्या, हरभऱ्याचे ४, थोडे मूग, २ शेंगदाणे अन् मूठभर ज्वारी. ओसरीत एक परात ठेवा. परात म्हणजे तंतुकणिका, म्हणजेच मायटोकॉन्ड्रिया, अन् बाकीची ओसरी म्हणजे पेशीद्रव्य.

तुरीचे ६ दाणे ओसरीवरच ठेवायचे, परातीत नाही, हे झालं ६ कार्बनचं ग्लुकोज. लय जण इथंच मार्क घालवतात, ग्लायकोलायसिस, म्हणजे ग्लुकोज फोडायची क्रिया, मायटोकॉन्ड्रियात होते असं लिहून येतात. ते बाहेरच होते, १० पायऱ्यांत, अन् त्याले ऑक्सिजन लागत नाही. आता ३-३ चे दोन ढीग करा, हे पायरुविक आम्ल. ज्वारी म्हणजे एटीपी, पेशीची खर्चायची ऊर्जा. आधी २ दाणे खर्चायचे मंग ४ कमवायचे, हाती उरले २, पेरणीसारखंच, आधी बियाणं मातीत टाकाच लागते. मूग म्हणजे एनएडीएच, हायड्रोजन वाहून नेणारा रेणू, ते २ बाजूले ठेवा.

मंग दोन्ही ढीग परातीत. आत गेले की प्रत्येकातला १ दाणा बाहेर, तो कार्बन डायऑक्साइड झाला. उरलेल्या २-२ ले को-एंझाइम ए हा मदतनीस रेणू जोडला की ॲसिटिल को-ए. इथं ज्वारीले हात लावू नका, एटीपी बनत नाही, फक्त आणखी २ मूग.

पुढं क्रेब्स चक्र, हान्स क्रेब्सनं १९३७ मध्ये मांडलेलं. ४ हरभरे म्हणजे ऑक्झॅलोॲसिटिक आम्ल, त्यात तुरीचे २ टाका, झालं ६ कार्बनचं सायट्रिक आम्ल. आता २ दाणे बाहेर काढायचे, पण कोणते? मले हे पहिल्यांदा समजलं तेव्हा लय नवल वाटलं, कारण त्या फेरीत हरभऱ्याचेच २ जातात, नवीन आलेली तूर आतच राहते! एका फेरीले ३ मूग, १ ज्वारी, अन् मुगासारखंच काम करणाऱ्या एफएडीएच२ साठी १ शेंगदाणा ठेवा. दुसऱ्या ढिगासाठी हीच फेरी परत.

ऑक्सिजन या चक्रात थेट कुठंच येत नाही, पण तो नसला तर मूग रिकामे होत नाहीत, एनएडी (म्हणजे रिकामा मूग) परत मिळत नाही अन् परातीतलं काम थांबते.

शेवटी मोजा. बाहेर ६ कार्बन, मूग १०. मूग ८ च भरले तर बहुतेक ॲसिटिल को-ए बनतानाचे २ राहिले, तिथून परत मांडा.