जुन्या अ‍ॅम्बॅसडरला स्पार्क प्लग कोणता घ्यावा

जुना प्लग दुकानात नेऊन ‘असाच द्या’ म्हणण्याआधी तो मोजा. आधीच्या मेकॅनिकने चुकीचा बसवला असेल तर तीच चूक तुम्ही पुन्हा विकत घ्याल. इथला हिशोब १४८९ सीसीच्या बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी-सीरिज पेट्रोल इंजिनाचा आहे; इसुझूच्या १८१७ सीसी इंजिनाला तो लावू नका.

या इंजिनाला १४ मिमी व्यासाचा, १९ मिमी आट्यांचा प्लग लागतो. लांबी वॉशरच्या बैठकीपासून आटे संपेपर्यंत मोजायची, पुढचं टोक धरायचं नाही. १२.७ मिमीचा आखूड प्लगही बिनतक्रार बसतो, आणि फसगत तिथेच होते. ठिणगी खोबणीत पडते, हेडचे (प्लग बसतो त्या इंजिनाच्या वरच्या भागाचे) उघडे आटे काजळीने भरतात आणि पुढे योग्य प्लग लावताना तेच आटे खराब होतात.

एनजीके बीपी६ईएसपासून सुरुवात करा. बॉशचा डब्ल्यू७डीसी किंवा चॅम्पियनचा एन९वायसीही चालतो. बीपी६ईएसमधला ६ म्हणजे हीट रेंज, म्हणजे प्लग आपली उष्णता किती लवकर बाहेर टाकतो ते; लवकर टाकणारा ‘थंड’, हळू टाकणारा ‘गरम’. एनजीकेत आकडा वाढला की प्लग थंड, बॉश आणि चॅम्पियनमध्ये मात्र आकडा वाढला की गरम. ब्रँड बदलताना नुसता आकडा जुळवला तर घोळ होतो. ‘ई’ म्हणजे १९ मिमी, ‘एच’ म्हणजे १२.७, बीपी६एचएस दिला तर परत करा. नावात ‘आर’ असलेल्या प्लगमध्ये रेझिस्टर, म्हणजे विजेला रोध करणारा भाग असतो. साध्या तांब्याच्या तारांवर तो चालतो, पण कार्बन तारा आणि रेझिस्टर कॅप आधीच असतील तर रोध वाढत जातो आणि जुन्या कॉइलला (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या भागाला) ते झेपत नाही.

गॅप, म्हणजे प्लगच्या दोन टोकांमधली फट, फीलर गेजने (ठराविक जाडीच्या पात्यांनी) ०.६५ मिमी करा. नवा प्लग बहुधा ०.८ च्या आसपास येतो, डिस्ट्रिब्युटरमधल्या कॉन्टॅक्ट पॉइंटवर चालणाऱ्या जुन्या इग्निशनला तेवढा नको. वाकवायचं ते फक्त बाहेरचं टोक. मधल्यावर जोर दिला तर चिनीमाती तडकते.

इंजिन थंड असताना भोवतीची माती हवेने उडवा, मगच प्लग काढा. नवा प्लग हाताने शेवटपर्यंत फिरवा, नंतर पान्याने अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा. वॉशर आधीच दबलेला असेल तर बाराव्या भागाइतका फेरा पुरे. टॉर्क पाना असेल तर बिडाच्या हेडला २५ ते ३५ न्यूटन-मीटर, आटे कोरडे ठेवून.

वीसेक किलोमीटर नेहमीच्या वेगाने चालवा, आयडलवर न ठेवता लगेच बंद करा आणि प्लग बघा. फिकट तपकिरी असेल तर निवड बरोबर. कोरडी काळी काजळी दिसली तर आधी चोक आणि कार्ब्युरेटर तपासा. ते ठीक असूनही शहरातल्या हळू चालीत काजळी धरतच असेल तर एक पायरी गरम असा बीपी५ईएस लावा. ओलं, तेलकट टोक म्हणजे पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्ह गाइड झिजले आहेत. गरम प्लगने ते फक्त झाकलं जातं. पांढरं, फोड आलेलं टोक दिसलं तर गाडी पळवू नका. मिश्रण पातळ आहे (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) किंवा ठिणगीचं टायमिंग पुढे गेलं आहे, आणि पिस्टन वितळायला वेळ लागत नाही.

पॉझिटिव्ह अर्थची (बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेली) गाडी निगेटिव्ह अर्थवर आणली असेल तर कॉइलच्या दोन्ही बारीक तारांची अदलाबदल झाली आहे ना, तेही बघा. ती राहिली असेल तर ठिणगी उलट्या दिशेने पडते, जास्त व्होल्टेज मागते आणि चांगला प्लगसुद्धा चढावर मिसिंग मारतो.