फाट्यांचा कागद : पाटगाव-आंबोलीच्या रानात मोटारसायकलींचा गट नेण्यापूर्वी

कोल्हापूरहून गारगोटी, पाटगाव, रांगणा किल्ल्याच्या पायथ्याची जंगलवाट, मग आजरा, आंबोली, तिलारीनगर आणि चंदगडमार्गे परत, असा तीन दिवसांचा बेत यंदा पुन्हा ठरतो आहे. मागच्या खेपेस याच वाटेवर सात गाड्या नेण्याची जबाबदारी माझ्याकडे होती आणि पहिल्याच संध्याकाळी भटवाडीच्या पुढच्या रानात आमचे दोन साथीदार साडेतीन तास हरवले. गाड्या ठीक होत्या, टाक्या भरलेल्या होत्या, दोघेही कच्च्या वाटेवर चालवण्यात तरबेज होते. त्यांच्याजवळ नव्हता तो फाट्यांचा कागद, आणि तो मी कोणालाच दिला नव्हता. म्हणून ही यादी त्या कागदापासून सुरू होते. पुढेही तो अनेकदा येईल. वाचणाऱ्याने तो भाग वगळू नये.

कागद म्हणजे नेमके काय ते आधी सांगतो, कारण ‘नकाशा घेतला आहे का’ असे विचारले की प्रत्येक जण मोबाइल दाखवतो. पाटगाव सोडून तांब्याच्या वाडीकडे निघाले की मोबाइलची रेंज येत-जात राहते आणि दाट झाडीत शिरल्यावर ती नाहीच असे धरून चालावे. आधी उतरवून ठेवलेला नकाशा रेंजशिवाय उघडतो हे खरे. पण हँडलला लावलेला फोन दगडगोट्यांच्या वाटेवर हादरून बंद पडतो, तापतो किंवा निखळून पडतो, आणि गुरांच्या वाटा, लाकडांसाठी पडलेल्या वाटा व जुन्या जीपच्या वाटा त्या नकाशात एकसारख्या दिसतात किंवा मुळीच दिसत नाहीत. यासाठी वाटेवरचा प्रत्येक फाटा, ओढा, शाळा, देऊळ आणि धनगरवाडा अंतरासह अर्ध्या पानावर लिहून काढावा. ‘२.३ – ओढा ओलांडताच फाटा, डावी वाट धरणे. उजव्या वाटेच्या तोंडाशी शेंदूर लावलेला दगड’ अशा धर्तीची नोंद हवी. बरोबर वाट कशी ओळखावी एवढेच लिहून भागत नाही, चुकीची वाट कशी दिसते तेही लिहावे लागते, कारण चुकलेला माणूस चुकीच्याच वाटेवर उभा असतो. बॉलपेनने लिहावे, जेलपेनची शाई घामाने आणि दवाने ओघळते. कागदाला दोन्ही बाजूंनी रुंद पारदर्शक चिकटपट्टी लावून एक प्रत टाकीवर बसवावी आणि दुसरी जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवावी. सात गाड्या असतील तर चौदा कागद झाले पाहिजेत. बारा नव्हे.

अंतरे लिहिताना एक काळजी घ्यावी. वेगवेगळ्या गाड्यांचे मीटर एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत, त्यामुळे दहा-पंधरा किलोमीटरनंतर एकाचा फाटा दुसऱ्याला अलीकडे किंवा पलीकडे भासतो. गावाबाहेरची शाळा, साकव, मोठे वडाचे झाड अशा न चुकणाऱ्या प्रत्येक खुणेशी सर्वांनी थांबून ट्रिप मीटर शून्यावर आणावा आणि तिथून पुढची अंतरे मोजावीत. यादी घरी बसून पुरी होणार नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशांवर ओढे, वाड्या आणि चढउतार चांगले समजतात, पण पावसाळ्यात दरड आली, ओढ्याने काठ खाल्ला किंवा शेताला नवे कुंपण पडले की जीपची वाट बदलते. निघण्याच्या आठ-पंधरा दिवस आधी दोघांनी जाऊन ती वाट पाहून यावी. तेवढेही जमत नसेल तर पाटगावात मुक्कामाला पोहोचल्यावर त्याच संध्याकाळी गुरे राखणाऱ्या माणसाशेजारी बसून कागद तपासून घ्यावा. त्याला वाट विचारू नये. आपण लिहिलेले एकेक वाक्य त्याला वाचून दाखवावे, म्हणजे चूक कुठे आहे ते तो लगेच सांगतो.

हंगामाविषयी मला वाद नको आहे. जून ते सप्टेंबर या भागात जंगलवाटेवर गट नेऊच नये. आंबोली हे महाराष्ट्रातील सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी एक आहे. त्या पावसात जांभ्याच्या कातळावर शेवाळ चढते, लाल माती टायरच्या खाचांत भरून टायर गुळगुळीत करून टाकते आणि ओढ्याची खोली दिसत नाही. नोव्हेंबर-डिसेंबर उत्तम. तेव्हा भातकापणी आणि मळणी चालू असते, गावाजवळच्या रस्त्यावर भात वाळत घातलेले असते, त्यावरून गाडी नेऊ नये. पेंढ्यावर गाडी घसरतेही. फेब्रुवारीनंतर वाळलेल्या पाचोळ्याखालचे दगड दिसत नाहीत आणि वणव्याची भीती असते.

माणसे सहा ते आठ, त्याहून अधिक नकोत. सर्वांना एका रविवारी कच्च्या रस्त्यावर एकत्र चालवून पाहावे, म्हणजे उभे राहून चालवणे कोणाला जमते, उतारावर पुढचा ब्रेक कोण घाबरून दाबतो आणि पडलेली गाडी एकट्याने कोणाला उचलता येते हे आधीच कळते. सर्वांत संथ चालवणाऱ्याच्या गतीवर दिवसाचे अंतर ठरवावे. सडक आणि रान मिळून दिवसाला १२० किलोमीटर पुरेसे आहेत. मागच्या वेळी मी १८० धरले होते आणि त्यामुळेच त्या फाट्यावर आम्ही उजेड संपताना पोहोचलो.

गाड्यांचे सांगायचे ते थोडक्यात सांगतो. हिमालयन ४११ आणि एक्सपल्स २०० या दोन्ही मोटारसायकलींचे पुढचे चाक २१ इंची आहे आणि दोन्हींत ट्यूब असते. मागचे चाक मात्र पहिलीचे १७ इंची आणि दुसरीचे १८ इंची आहे. २१ इंची ट्यूब वाटेवरच्या पंक्चरवाल्याकडे मिळेलच असे धरून चालू नये. गटात तशा निदान दोन ट्यूब घ्याव्यात, कारण अगदीच नड आली तर पुढची ट्यूब मागच्या टायरमध्ये कोंबून हळूहळू गाव गाठता येते, उलटे मात्र जमत नाही. टायर लिव्हर, पंप, हवा मोजायचे यंत्र आणि गाड्यांच्या अ‍ॅक्सलच्या मापाचे पाने दोन वेगवेगळ्या गाड्यांवर ठेवावेत. एकाच गाडीवर सगळी हत्यारे असली आणि तीच गाडी हरवली, तर बाकीच्यांच्या हाती काही उरत नाही. क्लच आणि ब्रेकचे लिव्हर पडल्यावर मोडतात, म्हणून ते, क्लच वायर आणि चेनलॉक (तुटलेली चेन जोडायची कडी) जादा घ्यावे. जंगलवाटेवर टायरमधली हवा पाच-सहा पीएसआयने कमी करावी, पण ट्यूबच्या टायरमध्ये फार उतरवू नये, नाही तर रिम आणि दगड यांच्यात चिमटून ट्यूब फाटते. पेट्रोलचा हिशेब गटातल्या सर्वांत लहान टाकीवर करावा. हिमालयनची टाकी १५ लिटरची आणि एक्सपल्सची १३ लिटरची आहे, त्यामुळे एक्सपल्सवाला म्हणेल तिथे सर्वांनी भरावे. गारगोटी, आजरा, चंदगड इथे टाकी पूर्ण भरूनच पुढे निघावे. पंपांची ठिकाणेही कागदावर लिहावीत.

लायसन्स, विमा, पीयूसी, हेल्मेट, बूट यांविषयी प्रौढ माणसांना सांगण्याची गरज नाही.

वनखात्याची परवानगी मात्र कोणी गृहीत धरू नये. या पट्ट्यातले पुष्कळ रान आजरा-भुदरगड, चंदगड आणि आंबोली-दोडामार्ग या संवर्धन राखीव क्षेत्रांत येते. कोणत्या वाटेवर वाहन न्यायची मुभा आहे आणि कोणत्या नाही हे वनपाल किंवा वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारून घ्यावे आणि ‘नाही’ म्हटले तर ती वाट कागदावरून खोडावी. गाडी वाटेबाहेर झाडीत घालू नये आणि किल्ल्याच्या पायऱ्यांपर्यंत रेटू नये. वनखात्याचा १९२६ हा मदत क्रमांक, १०८ आणि ११२ हे तिन्ही क्रमांक कागदाच्या मागच्या बाजूस लिहावेत, आणि रेंज शेवटची कुठे मिळाली होती तेही वाटेत पेनने तिथेच नोंदवावे.

आता प्रत्यक्ष चालीची शिस्त. कागद नुसता जवळ असून भागत नाही, हा नियम त्याच्या जोडीला लागतो : प्रत्येक फाट्यावर पुढच्याने मागच्या गाडीचा दिवा दिसेपर्यंत थांबायचे, दिवा दिसला की हाताने वाट दाखवायची आणि मगच निघायचे. मागे कोण आहे ही जबाबदारी ज्याची त्याची आहे, नेत्याची एकट्याची नव्हे. वाट ठाऊक असलेला माणूस पुढे आणि दुसरा अनुभवी माणूस सर्वांत मागे असावा. धुळीमुळे गाड्यांतले अंतर वाढतच जाते, आणि कोरड्या रानात दोन गाड्यांमध्ये एक मिनिटाचे अंतर पडले की पुढचा कोणत्या वाटेने गेला तेही कळत नाही. त्या संध्याकाळी आमचे नेमके हेच झाले. मी पुढे होतो, नकाशा फक्त माझ्या फोनमध्ये होता, आणि पुढे ओढ्याचा चढ अवघड दिसला म्हणून मी फाट्यावर न थांबता सरळ डावीकडे वळून चढ चढून गेलो. माझ्यामागचे चौघे माझ्या आवाजावर आले. शेवटचे दोघे उजवीकडे गेले. त्यांच्या बाजूची वाट रुंद होती, तिच्यावर ताज्या गाडीच्या चाकोऱ्याही होत्या, आणि ती वाट एका वठलेल्या झाडाशी येऊन संपत होती. अंधारात वळवताना गाडी कलली आणि एकाचा घोटा तिच्याखाली सापडला. पुढे एका धनगरवाड्यावरच्या आजींनी त्यांना अंगणात बसवले, चुलीवरचे गरम पाणी घोट्यावर घालायला दिले आणि आपल्या नातवाला कंदील देऊन आमच्या शोधात पाठवले. तो मुलगा रात्री सव्वानऊला आम्हाला भेटला. त्या दोघांच्या हाती कागद असता, तर ‘उजव्या वाटेच्या तोंडाशी शेंदूर लावलेला दगड’ हे वाचून ते शंभर पावलांतच परतले असते.

तेव्हा चुकलेल्याने काय करायचे हेही कागदावरच लिहावे. पुढे जाऊन शोधू नये. कागदावरच्या शेवटच्या ओळखीच्या खुणेशी परत यावे, इंजिन बंद करावे आणि तिथेच थांबावे. पुढच्यांनी अर्धा तास वाट पाहून त्याच वाटेने, कोणतीही नवी वाट न धरता, मागे यावे. शिट्टी प्रत्येकाच्या गळ्यात असावी.

नोव्हेंबरअखेरीस या भागात सूर्य सहाच्या आसपास मावळतो आणि झाडीत साडेपाचलाच अंधारते. पाचला जंगलवाट संपलीच पाहिजे. अंधारात या रस्त्यांवर गवे उतरतात. मोठ्या नराचे वजन हजार किलोपर्यंत भरते आणि तो हॉर्नने हलत नाही. आजरा, चंदगड आणि दोडामार्गच्या बाजूला रानटी हत्तींचा वावर आहे. गावकऱ्यांनी हत्ती आल्याचे सांगितले तर त्या दिवशीची ती वाट सोडावी, वाद घालू नये, फोटोसाठी तर मुळीच थांबू नये.

ओढा आधी पायी ओलांडून पाहावा. सामान पट्ट्यांनी बांधावे. पाणी माणशी तीन लिटर. प्रथमोपचाराची पेटी सर्वांत मागच्या गाडीवर असावी आणि तीत क्रेप बँडेज असावेच. साप चावल्यास चिरू-बांधू नये, चावलेला हात किंवा पाय हलवू नये, सरळ रुग्णालय गाठावे; सर्वांत जवळचे रुग्णालय कोणते हे प्रत्येक मुक्कामी विचारून कागदावर लिहावे.

दुसरा दिवस आजरा-आंबोली, बहुतेक सडक आहे, तरी कागद काढू नये. तिसऱ्या दिवशी तिलारी घाट उतरणार असाल तर उतार अतिशय तीव्र आहे. खालच्या गिअरमध्ये उतरावे, ब्रेक धरून ठेवू नये. परतीला सगळे सडकेला लागल्यावर पांगतात, तेव्हा घरी पोहोचल्याचा निरोप प्रत्येकाने द्यावा आणि शेवटचा निरोप येईपर्यंत नेत्याने जागे राहावे. चेन धुवून तेल घालणे, स्पोक तपासणे दुसऱ्या दिवशी केले तरी चालेल. कागद मात्र त्याच रात्री काढावा, बदललेले फाटे आणि नव्या खुणा त्यावर लाल पेनने लिहाव्यात आणि पुढच्या गटासाठी तो जपून ठेवावा.