कॉफी पिऊनही पेंग येते? या चुका टाळा

दिवसाला पाच कप कॉफी पिऊन दुपारी तीन वाजता टेबलावर डोकं टेकवणारा माणूस तुम्ही पाहिला असेल. काही वर्षांपूर्वी तो माणूस मी होतो. कॉफी कमी पडतेय असं वाटून सहावा कप सुरू केला, तशी रात्रीची झोप बिघडली. झोप बिघडली म्हणून सकाळचा मग मोठा झाला. या चक्रातून बाहेर पडताना बऱ्याच गोष्टी उमगल्या, काही डोकं ठणकवून घेतल्यावर. कॉफी सोडा असं मी कुणाला सांगणार नाही, मी स्वतः अजून पितो. पण कॉफीतल्या कॅफीन या तरतरी आणणाऱ्या द्रव्याकडून आपण जे मागतो ते खरंच पदरात पडतं का, आणि पडत नसेल तर घोळ नेमका कुठे होतोय, एवढं मात्र प्रत्येकानं एकदा तपासावं.

पहिली चूक: तरतरी चुकीच्या जागेपासून मोजणं

सगळ्यात मोठी चूक हीच आहे, आणि ती चूक आहे हे लक्षातही येत नाही. सकाळी उठलो की डोकं जड असतं, कुणाशी बोलावंसं वाटत नाही. पहिला कप पोटात गेला की अर्ध्या तासात माणसात येतो. साहजिकच आपण म्हणतो, कॉफीनं केवढं काम केलं!

आता आत काय घडतं ते बघा. आपण जागे असतो तसतसं मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं. ते पेशींवरच्या ठरावीक जागी जाऊन बसलं की झोप येऊ लागते. कॅफीनच्या रेणूची ठेवण त्याच्याशी मिळतीजुळती असते, त्यामुळे ते आधीच जाऊन त्या जागेवर रुमाल टाकून बसतं. अ‍ॅडेनोसिन ताटकळत राहतं. म्हणजे कॅफीन शक्ती देत नाही, थकव्याचा निरोप तेवढा अडवून ठेवतं. थकवा आहे तिथेच असतो.

रोज कॉफी पिणाऱ्याचं शरीर या अडवणुकीला सरावतं. मग रात्रभर कॉफी मिळाली नाही की सकाळी ती ओढ सुरू होते, आणि तिलाच आपण ‘माझी सकाळ अशीच असते’ असं म्हणतो. ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० साली ३७९ जणांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात कॅफीन जवळजवळ न घेणारे होते आणि रोज बऱ्यापैकी घेणारेही होते. सगळ्यांना रात्रभर कॅफीनपासून लांब ठेवलं, मग काहींना कॅफीन दिलं, काहींना नुसती रिकामी गोळी. रोजच्या पिणाऱ्यांपैकी ज्यांच्या वाट्याला रिकामी गोळी आली ते मंदावले, त्यांची डोकी दुखली. ज्यांना कॅफीन मिळालं ते टवटवीत झाले खरे, पण कॅफीन न घेणाऱ्या आणि रिकामी गोळीच मिळालेल्या लोकांच्या फार तर बरोबरीला आले. पुढे गेले नाहीत.

मला हे वाचून जरा खट्टूच व्हायला झालं. पाच कपांचा खटाटोप करून आपण फक्त शून्यावर पोचत होतो!

म्हणून ‘कॅफीन घेण्यात अर्थ आहे का’ या प्रश्नाचं उत्तर कपाआधी आणि कपानंतर कसं वाटतं यावरून मिळत नाही. दोन आठवडे कॅफीनशिवाय काढल्यावर सकाळी कसं वाटतं, ते आधी माहीत हवं. तुलना त्याच्याशी करायची. कुणाला त्या दोन आठवड्यांनंतरही कॉफीनं काम चांगलं होतं असं आढळेल, कुणाला काहीच फरक दिसणार नाही. दोन्ही शक्य आहे, कारण माणसामाणसांत फरक खूप असतो.

दुसरी चूक: एका झटक्यात सोडणं

वरचं वाचून उद्यापासून बंद असं ठरवाल, तर थांबा. मी तेच केलं होतं. शनिवारी सकाळी कॉफी घेतली नाही आणि संध्याकाळपर्यंत स्वतःवर खूश होतो. रविवारी कपाळ असं ठणकायला लागलं की पडदे ओढून पडून राहिलो. अंगात कणकण, चिडचिड, कशातच लक्ष नाही. शेवटी डोकेदुखीची गोळी घेतली आणि तासाभरात चमत्कार झाल्यासारखं बरं वाटलं. नंतर पाकिटावरची बारीक अक्षरं वाचली तर त्या गोळीत वेदनाशामकाबरोबर कॅफीनही होतं. सोडलेलं व्यसन मागच्या दारानं घरात!

कॅफीन अचानक थांबवलं की त्रास साधारण १२ ते २४ तासांत सुरू होतो, पुढच्या एक-दोन दिवसांत कळस गाठतो आणि २ ते ९ दिवस टिकू शकतो. ही काही मनाची समजूत नाही. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेच्या २०१३च्या आवृत्तीत या अवस्थेला रीतसर जागा दिलेली आहे. तिसऱ्या दिवशी ‘कॉफीशिवाय मला जमतच नाही’ असा निकाल देणारे लोक म्हणूनच फसतात. ते कॉफीशिवायचं आयुष्य बघत नसतात, कॉफी सुटण्याचा ताप बघत असतात.

सोपा मार्ग असा: दर तीन-चार दिवसांनी एकूण प्रमाणाचा पाव हिस्सा कमी करा. कप कमी करणं जड जात असेल तर कप तेवढेच ठेवा आणि नेहमीच्या कॉफीत डिकॅफ, म्हणजे कॅफीन काढून टाकलेली कॉफी, मिसळत जा, आधी पाव, मग अर्धी. दुपारचे कप आधी काढा, सकाळचा शेवटी. डोकं दुखायला लागलंच तर एक पायरी मागे येऊन दोन दिवस थांबावं, त्यात हरल्यासारखं काही नाही.

तिसरी चूक: ‘मला कॉफी पिऊनही झोप लागते’

हे वाक्य मीही अभिमानानं म्हणायचो. झोप लागते, मान्य. पण ती कशी लागते?

निरोगी प्रौढ माणसाच्या शरीरातून निम्मं कॅफीन बाहेर पडायला साधारण ५ तास लागतात. संध्याकाळी पाचला २०० मिलिग्रॅम पोटात गेलं असेल तर रात्री दहाला त्यातलं १०० उरलेलं असतं, आणि पहाटे तीनलाही ५०. म्हणजे मध्यरात्री उठून कुणी अर्धा कप कॉफी पाजावी तसंच. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात झोपायच्या ६ तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफीन दिलं, तरी एकूण झोप तासाभरापेक्षा जास्त घटली. गाढ झोप कमी झालेली आपल्याला कळत नाही. सकाळी अंग आंबलेलं असतं एवढंच कळतं, आणि त्यावरचा उपाय म्हणून आपण पुन्हा मग भरतो.

हे ५ तासही सगळ्यांचे सारखे नसतात. कॅफीनचा निचरा यकृतातलं एक विकर (एन्झाइम) करतं, आणि त्याचा वेग माणसागणिक बदलतो. कुणाचं काम दोन तासांत होतं, कुणाला नऊ-दहा लागतात. धूम्रपानानं हा वेग बराच वाढतो. त्यामुळे सिगारेट सोडणाऱ्याला नेहमीचीच कॉफी अचानक चढायला लागते. हात थरथरतात, झोप उडते, आणि बिचारा सगळा दोष सिगारेट सुटल्याला देतो. त्या काळात कॉफी निम्मी करून बघावी. उलट गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांमध्ये कॅफीन जवळपास दुप्पट वेळ रेंगाळतं, आणि गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत त्याहूनही जास्त. सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी काही प्रतिजैविकंही हा निचरा मंदावतात. औषध सुरू झाल्यावर छातीत धडधड वाढली तर डॉक्टरांना कॉफीचंही सांगा, आपण ते हमखास विसरतो.

झोपायच्या किमान आठ तास आधी शेवटचा कप, हा माझा स्वतःचा नियम. तेवढ्यानंही रात्री दोनला डोळे उघडत असतील, तर दुपारनंतर पूर्ण बंद करून आठवडाभर बघा.

चौथी चूक: कप मोजणं

‘मी दोनच कप घेतो’ याला तसा काही अर्थ नाही. कुणाचा कप दीडशे मिलिलिटरचा, कुणाचा मग साडेतीनशेचा. २४० मिलिलिटर गाळीव कॉफीत साधारण ९५ मिलिग्रॅम कॅफीन असतं, एवढ्याच इन्स्टंट कॉफीत ६०च्या आसपास, आणि एस्प्रेसोच्या ३० मिलिलिटरच्या घोटात तितकंच. एस्प्रेसो कडक लागते म्हणून ती जास्त ‘स्ट्राँग’, असं नाही. कडवटपणावरून कॅफीन ओळखता येत नाही, कारण कॉफीच्या कडूपणात कॅफीनचा वाटा थोडाच असतो.

काळीकुट्ट भाजलेली कॉफी जास्त उठवते, हाही तसलाच गैरसमज. भाजताना कॅफीन फारसं कमी-जास्त होत नाही. फरक पडतो तो बियांच्या जातीनं: रोबस्टात अरेबिकाच्या जवळपास दुप्पट कॅफीन असतं. नवा डबा आणल्यापासून हात थरथरत असतील तर आधी डब्यावर जात वाचा.

युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०१५ साली निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० आणि एका वेळी २०० मिलिग्रॅमपर्यंतचं प्रमाण निर्धोक ठरवलं. गरोदर आणि स्तनपान करणाऱ्या स्त्रियांसाठी दिवसाची मर्यादा २००. यात चहा, कोला, एनर्जी ड्रिंक, डार्क चॉकलेट आणि डोकेदुखीच्या कॅफीनवाल्या गोळ्या, सगळं धरायचं. डिकॅफमध्येही कपामागे काही मिलिग्रॅम कॅफीन असतंच. मी एक दिवस कागदावर बेरीज केली तेव्हा माझा आकडा सहाशेच्या पुढे गेला होता. मी मात्र लोकांना ‘साडेतीन-चार कप’ सांगायचो.

छोट्या तक्रारी, झटपट उपाय

जेवणाबरोबर कॉफी घेतली की अन्नातलं लोह शरीरात कमी शोषलं जातं. जेवणानंतर तासाभरानं घेतली तरी तेच होतं, पण जेवणाच्या तासभर आधी घेतली तर नाही. हिमोग्लोबिन कमी असेल तर वेळ बदला. थायरॉइडची गोळी कॉफीबरोबर घेऊ नका, मध्ये अर्धा ते एक तास जाऊ द्या.

कोलेस्टेरॉल वाढलेलं असेल आणि तुम्ही उकळलेली किंवा फ्रेंच प्रेसची कॉफी पीत असाल, तर कागदी फिल्टर वापरून बघा. कोलेस्टेरॉल वाढवणारी कॉफीतली तेलकट द्रव्यं कागदात बरीचशी अडकतात. पित्ताचा त्रास होत असेल तर दोष कॅफीनचाच असेल असं नाही, काहींना डिकॅफनंही जळजळतं. आणि कॉफीनं शरीर सुकतं ही भीती सोडून द्या. रोज माफक पिणाऱ्याला कॉफीतलं पाणी अंगी लागतं.

दारू चढली म्हणून कॉफी पाजणं हा तर शुद्ध वेडेपणा. पेंग कमी होते, नशा तशीच राहते, आणि माणसाला वाटतं आपण गाडी चालवू शकतो.

मग घ्यावी की नाही?

मला विचाराल तर, कॅफीन रोज खर्चायची चीज नाही, राखून ठेवायची आहे. ज्या दिवशी खरंच गरज आहे, लांबचा प्रवास, रात्रपाळी, अवघड काम, त्या दिवशी ते उत्तम चालतं, पण शरीर सरावलेलं नसेल तरच त्याचा पुरेपूर उपयोग. दुपारची पेंग घालवायची असेल तर कप झटकन संपवून लगेच पंधरा-वीस मिनिटांची डुलकी काढा. कॅफीन चढायला साधारण तेवढाच वेळ लागतो. डुलकी आणि कॉफी दोन्ही एकदम कामाला येतात. चवीचा हिशोब मात्र वेगळा ठेवायला हवा. कपाची ऊब, वास, कामातून उठायचं निमित्त, यांसाठी कॅफीन लागतंच असं नाही.

हे मला पटलं ते एका घरगुती प्रयोगानं. कॉफी कमी करून महिना झाल्यावर बायकोला सांगितलं, अकराचा कप तू कर, कधी नेहमीची, कधी डिकॅफ, मला सांगू नकोस. मी वहीत लिहायचो आज कुठली होती, ती स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर खूण करायची. पंधरा दिवसांनी पडताळलं तर मी निम्म्या वेळाही बरोबर नव्हतो. एका दिवशी मी वहीत लिहिलं होतं: ‘आज जबरदस्त, दोन तास मान वर केली नाही.’ कॅलेंडरवर त्या दिवशी डिकॅफची खूण होती. तेव्हापासून अकराचा कप डिकॅफचाच असतो, आणि नेहमीच्या कॉफीचा डबा वरच्या फळीवर, रात्रपाळीसाठी.